दुपारचे सामने

तांबोळी मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या मांडवातल्या टेबलामागे बसून एका नामवंत शाळेच्या क्रीडाप्रमुखांची तक्रार ऐकत होत्या. ऐकत होत्या म्हणजे खाली मान घालून, पट्टी धरून, कागदावर रेघा ओढत होत्या.

"मॅडम, आमच्या मुलांचा सामना दुपारी एकला? या उन्हात खेळायचं का त्यांनी?"

हातातली रेघ पुरी करून मॅडमनी वर पाहिलं. "दुसरं ऊन मागवलं होतं. अजून आलं नाही."

"मी सिरियसली बोलतोय."

"मीही. सकाळी तुमच्या मुलांची चाचणी आहे म्हणालात. साडेतीननंतर क्लास आहेत म्हणालात. मध्ये जे उरलं, ते दिलं. नको असेल तर सांगा, बाहेर मागणारे उभे आहेत."

बाहेर कोणीही उभं नव्हतं. पण त्या गृहस्थांनी, म्हणजे करंदीकर सरांनी, वळून पाहिलं आणि मुकाट्याने गेले.

मग मॅडमचं लक्ष माझ्याकडे गेलं. "आपण?"

"मी निवेदक. मराठी शिकवतो. आमच्या मुख्याध्यापकांनी पाठवलंय."

"बसा. तिकडे स्पीकरजवळ नका बसू, कान जातील. इथे बसा. इथे फक्त डोकं जातं."

मी बसलो आणि त्यानंतर बरेच हिवाळे त्याच खुर्चीवर बसत राहिलो. शहरातल्या आणि आसपासच्या शाळांचा हा क्रीडा महोत्सव दर वर्षी नदीकाठच्या एका मैदानावर चार दिवस भरतो. खो-खो, कबड्डी, लंगडी, फुटबॉल. त्याच्या समित्या पुष्कळ. भोजन समितीत जायला लोक उत्सुक असत, बक्षीस समितीत जायला त्याहून उत्सुक. सामन्यांचं वेळापत्रक लावणाऱ्या समितीत कागदावर सात-आठ नावं होती, पण टेबलामागे एकट्या तांबोळी मॅडम. बाकीचे सगळे "काही लागलं तर सांगा" असं म्हणून जेवणाच्या मांडवाकडे जात. मॅडमना काही लागतच नसे, कारण सांगायला तिथे कोणी थांबलेलंच नसे.

मॅडम पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायच्या. राहायला कसबा पेठेत, शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. बांधा ठेंगणा, अंगात सुती सलवार-कमीज, पायात मुलांचे पांढरे बूट आणि ओढणीवरून घातलेली एक पांढरी टोपी, जी बहुधा त्यांच्या यजमानांची असावी. तरुणपणी उत्तम खो-खो खेळलेल्या होत्या, असं इतर शिक्षक सांगत. त्या स्वतः फक्त गुडघे दाखवत. "हे बघा, एवढंच उरलंय त्याचं."

सकाळी आल्या आल्या त्या खुर्चीत बसत आणि म्हणत, "दमले बाई."

पहिल्या वर्षी मी न राहवून म्हणालो, "मॅडम, अजून एकही सामना सुरू झालेला नाही."

"हे मागच्या वर्षीचं आहे," त्या म्हणाल्या.

काम सगळं पेन्सिलीने. शाईचं पेन त्या टेबलावर येऊ देत नसत. म्हणायच्या, शाईने लिहिलं की लोकांना ते आपल्या हक्काचं वाटायला लागतं. चहा मागवायच्या आणि विसरायच्या. मग गार झालेला चहा औषधासारखा एका घोटात संपवायच्या. कोणी आवाज चढवला तर त्या आपला आवाज उतरवायच्या, इतका की समोरच्याला ऐकण्यासाठी गप्प बसावं लागे.

वेळापत्रक लावणं हे काम बाहेरून फार सोपं दिसतं. संघ इतके, मैदानं इतकी, तास इतके, करा भागाकार. पण एकच मुलगी खो-खोतही असते आणि लंगडीतही. एकाच सरांचे दोन संघ दोन मैदानांवर एकाच वेळी खेळणार, हे कोणाच्या लक्षात येत नाही. एका शाळेची बस दुपारी परत न्यायची असते, दुसऱ्या शाळेच्या बाईंना लहान बाळ असतं. आणि सगळ्यांना सकाळ हवी असते, नाहीतर संध्याकाळ.

"दुपार कोणाला तरी द्यावीच लागते," मॅडम म्हणायच्या. "सगळं भांडण तेवढ्यापुरतंच आहे. बाकी काय, रेघा मारायच्या."

त्यांच्या आधी हे भांडण नव्हतं, कारण दुपार मुलींना दिली जायची. तसं कोणी ठरवलेलं नव्हतं. मुलांच्या सामन्यांना गर्दी होते म्हणून मुलांना संध्याकाळ, मुलांना शाळेतून लवकर सोडतात म्हणून मुलांना सकाळ. मग मुलींना जे राहिलं ते. मॅडमनी काम हाती घेतलं आणि प्रत्येक शाळेच्या वाट्याला एक दुपार लावली, मुलगे असोत की मुली. सगळ्यात आधी स्वतःच्या शाळेच्या. त्यामुळे बोलायला कोणाला तोंड राहिलं नाही, तरी लोक बोललेच. करंदीकर सर दर वर्षी बोलले. पण ऊन काही बदललं नाही.

महोत्सवाचा मोठा खर्च नाना उचलायचे. नाना हिंजवडीच्या पलीकडच्या एका गावचे. शेती होती तिथे कंपन्या आल्या, मग नाना बांधकामात उतरले. माणूस मोकळा, पोरांनी खेळावं असं खरोखर वाटणारा. पण त्यांचा एक शौक होता, तो म्हणजे प्रमुख पाहुणे.

एका वर्षी शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी नाना टेबलापाशी आले. "मॅडम, उद्या पाव्हणे पाचला येनारेत. पाचला पोरांची कबड्डी लावा. पाव्हण्यांना जरा जोर दिसला पायजे."

"पाचला मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना आहे."

"त्यो चारला घ्या की."

"चारला त्या मुलींचा उपांत्य सामना संपतो. पाणी प्यायला सोडायचं की नाही त्यांना?"

नानांनी मान खाजवली. "पाव्हणे लई मोठे हायेत, मॅडम."

"किती मोठे?"

"म्हंजी?"

"म्हणजे पाचला बोलावलं तर किती वाजता येण्याइतके मोठे?"

नानांना हसू आलं. "सहाच्या आत काय यायचे न्हाईत."

"मग पाचला मुलींना खेळू द्या. सहाला कबड्डी. पाहुणे उतरले की जोर दिसेल."

नाना तयार झाले. दुसऱ्या दिवशी पाच वाजायच्या थोडं आधीच पाहुण्यांची गाडी मैदानात शिरली. मी मॅडमकडे पाहिलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. नानांनी लांबूनच आमच्याकडे असं बघितलं की मी माइक बंद केला. पण पाहुणे व्यासपीठावर बसले, त्यांच्यासमोर मुलींचा सामना सुरू झाला, आणि थोड्या वेळाने ते गृहस्थ खुर्चीतून उठून कठड्याला हात लावून ओरडायला लागले, "पकड! पकड गं तिला!" हार घ्यायलाही त्यांना सवड नव्हती.

रात्री सामान आवरताना नाना हळूच म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. तुमाला म्हाईत हुतं ना?"

"नाही हो नाना. इतक्या वर्षांत वेळेवर आलेला पहिला पाहुणा, तोही माझ्याच नशिबी."

हे सगळं सांगतोय ते मॅडम कशा होत्या हे कळावं म्हणून. लोक त्यांना फटकळ म्हणत. मला त्या फटकळपेक्षा थकलेल्या जास्त वाटायच्या. थकलेला माणूस शब्द वाचवतो, तशा त्या वाचवायच्या. पण त्या एका वर्षी जे झालं, त्यानंतर त्यांच्या थकव्याची जात बदलली.

महोत्सवाचा एक जुना नियम होता. संघ वेळेवर आला नाही, तर पाव तास वाट पाहायची, तीनदा पुकारायचं आणि समोरच्या संघाला पुढे चाल द्यायची; म्हणजे न खेळता विजयी. त्या दिवशी सकाळी सगळ्यात पहिला सामना करंदीकर सरांच्या मुलांचा होता. मुलं वाटेत नाश्त्याला थांबली होती. पाव तास झाला, मी तीनदा पुकारलं, मॅडमनी समोरच्या संघाला पुढे चाल दिली. नंतर मुलं आली, त्यांचे पालक आले, करंदीकर सर आले. मोठा गोंधळ झाला. मॅडम एवढंच म्हणाल्या, "नियम सगळ्यांना वाचून दाखवला होता. तुम्ही तेव्हा मान हलवली होतीत."

आसपासच्या काही शिक्षकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. बड्या शाळेला कोणीतरी नियम दाखवला, याचा आनंद. मॅडम त्यांच्यावरच चिडल्या. "टाळ्या कसल्या वाजवताय? मुलं खेळायला आली आणि न खेळता चालली. यात बघण्यासारखं काय आहे?"

त्यानंतर तासाभरात मुलींच्या खो-खोचा सामना होता. एक संघ पेठेतल्याच एका शाळेचा, तो केव्हाचा मैदानात येऊन बसला होता. दुसरा संघ हिंजवडीच्याही पुढच्या एका गावातल्या शाळेचा. त्यांचे सर शिंदे. त्यांचा मॅडमना फोन आला. फोनमधून हॉर्नचे आवाज मलाही ऐकू येत होते.

"मॅडम, कंपन्यांच्या गाड्यांत अडाकलोय. टेम्पो हालंना जागचा. जरा थांबा, येतोच हाय."

मॅडमनी "या लवकर" म्हणून फोन ठेवला आणि मान वर केली. समोर करंदीकर सर खुर्ची घेऊन बसले होते. अगदी टेबलासमोर. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते, मग मॅडमकडे, मग परत घड्याळाकडे.

पाव तास संपला.

"पुकारा," मॅडम म्हणाल्या.

मी एकदा पुकारलं. दुसऱ्यांदा पुकारलं. मॅडमच्या हातात पेन्सिल होती, पण ती कागदाला टेकत नव्हती. तिसऱ्यांदा मी माइक तोंडाशी नेला तेव्हा त्या माझ्याकडे न बघता हलक्या आवाजात म्हणाल्या, "जरा सावकाश पुकारा."

मी गावाचं नाव जितकं लांबवता येईल तितकं लांबवलं. शाळेचं नाव लांबवलं. मैदान क्रमांक, सामना क्रमांक, सगळं सांगितलं. शेवटी सांगायला काही राहिलं नाही.

मॅडमनी पुढे चाल लिहिली. करंदीकर सर उठले, खुर्ची उचलली, "थँक्यू मॅडम" म्हणाले आणि गेले.

त्यानंतर फार वेळ गेला नाही. टेम्पो फाटकातून आत आला आणि थांबायच्या आधीच मुलींनी मागून उड्या टाकल्या. लाल शर्ट, घट्ट वर बांधलेल्या दोन वेण्या, काहींच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या. धावतच त्या मैदानात शिरल्या. तिथे कोणी नव्हतं. पंचांनी आमच्याकडे बोट दाखवलं. त्यांची कप्तान पुढे आली. सडसडीत, काळीसावळी, दम लागलेला. साक्षी तिचं नाव, ते आम्हाला नंतर कळलं.

"मॅडम, आमचं ग्राउंड कोन्तं?"

तिच्या मागून शिंदे सर आले आणि आमचे चेहरे बघूनच थांबले. मग तिलाही कळलं.

"मॅडम, आमी हारलो का?"

"हो," मॅडम म्हणाल्या.

"पन आमी खेळलोच न्हाई की."

मॅडम टेबलाला धरून उभ्या राहिल्या. आलेल्या माणसासाठी त्या उभ्या राहिलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होतो. "हे बघ, माझ्या शाळेच्या मुली इथे आहेत. एक मैदान दुपारी रिकामं आहे. त्यांच्याशी खेळा तुम्ही. मी पंच देते."

"त्यो सामना लिवनार का तुमी?"

"नाही. तो मैत्रीचा."

मुलीने मागे आपल्या मैत्रिणींकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. हिशेब समजल्यासारखा चेहरा होता.

"मग नगं," ती म्हणाली.

त्या मुली मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली बसल्या, डबे उघडले, जेवल्या आणि टेम्पोत चढून गेल्या. त्या दिवशी मॅडमनी कोणालाही टोमणा मारला नाही. कोणी काही मागितलं तर देता येत असेल तर दिलं, नसेल तर नाही म्हणाल्या. संध्याकाळी मी उगाच समजूत घालायला गेलो. "मॅडम, नियम सगळ्यांना सारखाच लावलात तुम्ही."

"नियम सारखा होता हो. रस्ता सारखा होता का?" त्या म्हणाल्या. "आणि त्यांना सकाळची वेळ कोणी दिली? मीच ना. दुपारचं ऊन नको म्हणून सकाळ दिली. मला वाटलं, चांगली वेळ देतेय. ते गाव कुठे आहे, तिथून मुली कशा येतात, मला काही माहीत नव्हतं. फक्त नाव माहीत होतं."

पुढच्या वर्षी महोत्सवाच्या आधी एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सर, उद्या सकाळी मोकळे आहात? बसने एका गावी जायचंय. मी एकटी गेले असते, पण गुडघा मध्येच बसला तर मला उठवायला कोणी तरी हवं."

आम्ही उजाडायच्या आत निघालो. त्या वेळी रस्ता मोकळा होता. गावातली शाळा टेकडीच्या पायथ्याला, समोर थोडं भाताचं रान शिल्लक आणि त्याच्या मागे वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारती. शिंदे सरांनी आम्हाला पाहिलं आणि ते गोंधळले. चहा मागवला. मग म्हणाले, "खरं सांगू का मॅडम, पोरी यंदा येत न्हाई म्हंत्यात."

"आणि साक्षी?"

"तिनं खेळ सोडला. कालिजात जाती आता. भेटली तरी खेळाचं काय बोलत न्हाई."

मॅडमनी चहा तसाच ठेवून कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "मुलींना भेटू का?"

खो-खोच्या मुलींना एका वर्गात बोलावलं. मला वाटलं, मॅडम आता खेळाडूवृत्तीवर बोलणार. त्यांनी फळ्याला पाठ टेकली, गुडघ्यावरचा भार एका पायावर घेतला आणि म्हणाल्या, "मागच्या वर्षी मी तुम्हाला सकाळची वेळ दिली. ती चुकली. यंदा दुपारी दीडची देते. ऊन असेल. पण पोहोचाल. हरलात तर खेळून हराल."

मागच्या बाकावरून एक बारकी मुलगी म्हणाली, "आन् जिंकलो तर?"

"तर दुसऱ्या दिवशी परत यावं लागेल. परत दीडलाच."

मुली हसल्या. मॅडमही हसल्या, पण शिंदे सरांना निरोप देताना त्यांनी पुन्हा विचारलं, "साक्षीला सांगाल, मी आले होते म्हणून?"

परतीला आम्ही मुद्दाम संघ निघतो त्या वेळची बस धरली. हिंजवडीत ती जी थांबली ती थांबलीच. दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या गाड्या, बंद काचा, आत कानात इअरफोन घालून झोपलेली मुलं-मुली. मॅडम खिडकीतून बघत होत्या.

"यातल्याच कुठल्या तरी गाडीत माझी सना असते," त्या म्हणाल्या. "मुलगी माझी. इकडेच हॉस्टेलला राहते. तिला घरी यायला वेळ नसतो, मला तिच्याकडे जायला. मधला हा रस्ता बघितला की कोणाला दोष द्यायचा तेच कळत नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी घरचं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बस हलत नव्हती म्हणून असेल, त्या बोलल्या. यजमानांचं कसब्यात पुस्तकबांधणीचं दुकान होतं. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, दुकान बंद झालं. तेव्हापासून घर मिनिटांवर चालत होतं. औषधं, व्यायाम, अंघोळ, मग शेजारच्या बाई येऊन बसणार, त्या त्यांच्या सुनेच्या नोकरीची पाळी बघून येणार, मॅडम मधल्या सुट्टीत धावत घरी जाऊन येणार.

"तिथेही मीच वेळापत्रक लावते, सर. तिथेही एक जण उशिरा आला की सगळं कोसळतं, आणि तिथेही सगळे मलाच बोलतात."

मी गमतीने विचारलं, "मग घरी दुपार कोणाला देता?"

"मला," त्या म्हणाल्या. गंमत केल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. बस बऱ्याच वेळाने हलली.

त्या वर्षी गावच्या मुली आल्या. दीडच्या सामन्याला बारालाच येऊन कडुनिंबाखाली बसल्या. सामना सुरू झाला तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, "सर, जरा टेबल बघता?" आणि उठून गेल्या. वेळापत्रक लावणाऱ्याला एकही सामना बघायला मिळत नाही, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. आमच्या टेबलासमोर कायम तक्रार घेऊन येणारे लोक उभे असायचे, मैदान त्यांच्यामागे झाकलं जायचं. त्या चुन्याच्या रेघेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मागे चार जण तक्रारी घेऊन आले, मी त्यांना म्हणालो, "मॅडम सामना बघतायत." त्यांना ते खरं वाटेना.

मुली जिंकल्या. मॅडम परत आल्या, खुर्चीत बसल्या, घाम पुसला. "पळतात चांगल्या. पण पाठीवर खो पडायच्या आधीच उठतात. कोणी तरी सांगायला पाहिजे." आणि पेन्सिल उचलली.

दुसऱ्या दिवशी त्या मुली हरल्या. रडल्या, पंचांशी भांडल्या, फोटो काढले आणि टेम्पोत गाणी म्हणत गेल्या. मॅडम शिंदे सरांना दर वर्षी विचारायच्या, "साक्षी कधी येते का बघायला?" शिंदे सर म्हणायचे, "न्हाई, मॅडम." मग त्या विचारायच्या थांबल्या. पण लांबच्या गावांचे सामने त्यांनी पुन्हा कधी सकाळी लावले नाहीत. महोत्सवाच्या आधी दर वर्षी एकेका बाजूची बस धरून त्या जाऊन यायच्या. गुडघे दर वर्षी थोडे जास्त दुखायचे.

मग नानांचा पुतण्या कामात आला. आयटीतला, हुशार, बोलायला गोड. त्याने बैठकीत लॅपटॉप उघडला. "मॅडम, हे सॉफ्टवेअर पूर्ण शेड्यूल जनरेट करतं. एका क्लिकमध्ये. क्लॅश झीरो."

सगळे मॅडमकडे बघायला लागले. काहींना वाटलं, आता त्या रागावणार. मॅडमनी लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला, चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं.

"छान आहे. आणि लोकांनी भांडायला कोणाकडे यायचं?"

"हेल्पलाइन आहे, मॅडम."

"तिथे कोण बसणार?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "मी बसेन यंदा. फक्त एक करशील का? प्रत्येक शाळेपुढे तिथून निघायला किती वेळ लागतो, ते टाकायची सोय कर. मी तुला सगळं सांगते."

त्याने सोय केली. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मॅडम, वाईट वाटलं का?"

"नाही हो. बरं वाटलं. एवढी वर्षं कोणी तरी येऊन हे हातातून काढून घ्यावं, याचीच वाट बघत होते." थोडं चालून त्या थांबल्या. "पण माणसाने काढून घेतलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं."

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला नानांनी शाल दिली, भाषण केलं. मॅडम आभाराचं भाषण करायला उठल्या आणि "सगळ्यांना दुपारी खेळवलं, माफ करा" एवढं बोलून बसल्या.

पुढच्या पावसाळ्यात त्यांचे यजमान गेले. मी कसब्यात भेटायला गेलो. सना आली होती, आईच्या शेजारी बसून होती. मी निघताना मॅडम जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "यांना शेवटी शेवटी मीच वेळ विचारायचे, सर. किती वाजले, सांगा बरं, म्हणून. बोलते ठेवायला. आता सकाळी जाग येते आणि काय करायचं ते कळत नाही. सना म्हणते, माझ्याकडे चल. तिच्याकडे तीही नसते दिवसभर."

महोत्सव चालू आहे. मी अजून निवेदन करतो. वेळापत्रक मोबाईलवर येतं आणि लांबच्या गावांचे सामने दुपारीच लागतात. ते तसे का लागतात, हे नव्या लोकांना माहीत नाही. करंदीकर सरही निवृत्त झाले. तक्रारी तेवढ्याच येतात.

मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी मंडईत गेलो होतो. घरी पाहुणे यायचे होते, मटार घ्यायचा होता, गर्दी होती आणि मला घाई होती. एका बाजूच्या पायऱ्यांवर तांबोळी मॅडम बसल्या होत्या. पायाशी पिशवी, मांडीवर ओल्या हरभऱ्याची जुडी. घाटे सोलून एकेक दाणा तोंडात टाकत होत्या.

"मॅडम! इथे कशा?"

"बसलेय," त्या म्हणाल्या. "बसा ना."

मी बसलो. त्यांनी जुडीतल्या दोन डहाळ्या मोडून माझ्या हातात दिल्या. आम्ही हरभरा खात बसलो. त्यांनी महोत्सवाचं काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कोथिंबीरवाला ओरडत होता, हमाल वाट मागत होते. एक लहान मूल आईचा पदर सोडून फुग्यांकडे धावलं, ते सापडेपर्यंत आम्ही दोघांनी पाहिलं.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. मी उठलो. "येतो मॅडम. मटार घ्यायचाय, घरी वाट बघतायत."

"या," त्या म्हणाल्या. "मटार तिकडे कोपऱ्यावर चांगला आहे."

कोपऱ्यावर जाऊन मी वळून पाहिलं. एक म्हातारी बाई दोन जड पिशव्या घेऊन पायऱ्यांशी आली होती आणि बसायला जागा शोधत होती. मॅडमनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, जराशा सरकल्या आणि हाताने तिला जागा दाखवली.